बसवनगुडीतला तिसरा पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी कॉफी फिल्टर आहे. बेंगळुरूच्या बसवनगुडीत, दामोदरअण्णांच्या घरी, ओट्याच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा अडगळीत पडलेल्या असतात आणि रडत असतात. माझं तसं नाही. मला आठवड्यातून एकदा चिंचेने घासतात, आतून कल्हई आहे, झाकण अजून घट्ट बसतं. मला धक्का बसला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म पेटेतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारातल्या, एका अरुंद गल्लीत झाला. कारागिराने एकावर एक बसणारे दोन डबे केले आणि वरच्याच्या तळाला बारीक भोकं पाडली. वर कॉफीची पूड घालायची, तिच्यावर दांडीची चकती दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. खालच्या डब्यात थेंब थेंब डिकॉक्शन उतरतं. "हा दोघांपुरता आहे," असं म्हणून कारागिराने मला फळीवर ठेवलं. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं होतं.

दामोदरअण्णा तेव्हा नुसते दामोदर होते. साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून आले होते, पाण्याचे मोठे पंप तयार करायला. प्रेमाअक्का लग्न करून आल्या त्या चहाचं पातेलं बरोबर घेऊनच. पहिली काही वर्षं त्यांनी मला मागच्या फळीवर टाकलं होतं. "हे कडू पाणी तुमच्या पाहुण्यांना द्या," असं त्या म्हणायच्या. पुढे शेजारच्या बायकांनी त्यांना अक्का केलं, बोलण्यात कानडी स्वल्प, म्हणजे थोडं, आणि सरी, म्हणजे बरं, आलं, आणि कॉफीही आली. पातेलं मागच्या फळीवर गेलं. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

आता अण्णांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बेंगळुरूच्या हॉटेलांत बाय-टू कॉफी मागतात, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी. कारखान्यात दोन माणसांचं वाजलं की अण्णा दोघांना कँटीनमध्ये नेऊन बाय-टू सांगायचे. एकाच कॉफीतलं अर्धं आपल्यासमोर आणि अर्धं त्याच्यासमोर आलं की माणसाचा पारा जरा खाली उतरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्त झाल्यावर हे काम घरी आलं. गल्लीतल्या पार्किंगची भांडणं, भावाभावांची भांडणं, सगळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आली आणि माझ्या डिकॉक्शनवर मिटली. लोक म्हणायचे, अण्णांच्या घरची बाय-टू प्यायली की भांडण संपलंच. अण्णा नको नको म्हणत हसायचे आणि मी ओट्यावर छाती काढून बसायचो.

तरुणपणी अण्णांना कारखान्याने समुद्रापलीकडच्या एका देशात पाठवलं होतं. त्या देशाचं नाव मी घेणार नाही. तिथल्या एका गावात त्यांनी नदीकाठी पंपघर बांधून दिलं आणि दोन स्थानिक पोरांना काम शिकवलं. पुढे तिथे युद्ध पेटलं. गाव बंडखोरांच्या ताब्यात गेलं, सरकारी फौजेने त्याला वेढा घातला, आणि ते पंपघर नेमकं दोघांच्या मधे आलं. एका तोफगोळ्याने ते बंद पडलं. गाव नदीचं गढूळ पाणी पिऊ लागलं आणि मुलं आजारी पडू लागली. अण्णांची ती दोन पोरं आता पन्नाशी ओलांडलेली माणसं होती. एक सरकारच्या पाणीखात्यात होता, दुसरा वेढ्याच्या आत, गावात.

मोठ्या शहरांत मोठी माणसं मोठ्या टेबलांशी बसून शांततेच्या वाटाघाटी करतच होती. त्यांचे फोटो यायचे, आणि फोटो आला की दुसऱ्या दिवशी गोळीबारही व्हायचा. शेवटी या दोघांनी आपापल्या वरिष्ठांच्या कानावर घातलं, की निदान एका पंपापुरतं आम्हाला बोलू द्या. बोलायचं कुठे, तर सरांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या घरी. बेंगळुरूला दूरदूरच्या देशांतून लोक औषधोपचाराला येतात, त्यामुळे कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. एक जण गुडघ्यासाठी आला, दुसरा कशीबशी वाट काढत वेढ्याबाहेर पडून डोळ्यांसाठी. दोघांनीही जयनगरातल्या दवाखान्यांजवळ वेगवेगळ्या खोल्या घेतल्या.

घरात त्यांची नावं घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. मग प्रेमाअक्कांनीच नावं ठेवली. सरकारकडचा गृहस्थ कॉफीत इतकी साखर घ्यायचा की चमचा उभा राहावा. ते साखरवाले. गावाकडचा साखर अजिबात घ्यायचा नाही. तो बिनसाखर. ते आपसांत आणि अण्णांशी इंग्रजीत बोलायचे, मी सांगतोय माझ्या भाषेत. साखरवाल्यांनी मात्र दवाखान्यातल्या नर्सकडून एक वाक्य शिकून घेतलं होतं, आणि त्यांनी तोंड उघडलं की तेच बाहेर यायचं. "अक्का, साखर स्वल्प जास्त."

पहिल्या दिवशी बिनसाखरने पेल्याला हात लावला नाही. विषाची भीती, मित्रांनो. मला केवढा अपमान वाटला. पण अण्णांनी शांतपणे माझा खालचा डबा उचलला, दोघांच्या डोळ्यांदेखत दोन पेल्यांत सारखं डिकॉक्शन ओतलं आणि वर दूध घातलं. "तुम्ही दोघं एकच कॉफी पिताय," ते म्हणाले. "एकाला काही झालं तर दुसऱ्यालाही होईल." बिनसाखर पहिल्यांदाच हसला. मग त्याने खिशातून आपल्या धाकट्या मुलीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. "ही गावात आहे. आम्ही पाणी उकळून देतो, पण आता जाळायला लाकूड उरलेलं नाही," तो म्हणाला. साखरवाल्यांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

मित्रांनो, मला वाटायचं युद्ध म्हणजे दोन बाजू. एक इकडे, एक तिकडे, मधे अण्णा. प्रेमाअक्कांनाही तसंच वाटत होतं. पण बोलणी सुरू झाली तसतसं कळलं, की सरकारी फौजेत एक गट दुसऱ्याचं ऐकत नाही, बंडखोरांचे तीन तुकडे झालेत, शेजारचा देश कोणाला तरी दारूगोळा पुरवतोय, आणि पंपघराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल एका तिसऱ्याच टोळीने धरून ठेवला आहे. ही टोळी सगळ्यांकडून टोल घेते आणि तिच्याकडे ड्रोन आहेत. आज ज्या सरदाराने शब्द द्यायचा, तो उद्या जिवंत असेल याची खात्री नाही. मला गरगरायला लागलं.

प्रेमाअक्का पोहे देता देता म्हणाल्या, "अहो, मग त्या पुलावाल्यांना कोण विचारणार?"

"तो माणूस या टेबलाशी बसला तर मी उठेन," साखरवाले म्हणाले.

"मी आधी उठेन," बिनसाखर म्हणाला.

इतक्या दिवसांत त्या दोघांचं पहिल्या फटक्यात पटलं असेल तर ते एवढ्याच गोष्टीवर. मग अण्णांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. "बाय-टू म्हणजे दोघांची," ते म्हणाले. "आधी दोघांचं जमू दे. तिसऱ्याचं पुढे बघू." अक्कांनी "सरी" म्हटलं, पण ते सरी पटलेलं नव्हतं. त्यांचा प्रत्येक सरी मला ओळखू येतो.

आणि जमलं. ठरलं असं, की बिनसाखर गावी परत जाईल आणि दुरुस्तीची माणसं घेऊन पंपघराकडे निघेल. तेवढा वेळ दोन्हीकडच्या बंदुका गप्प राहतील. गाडी लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या टपावर काहीतरी ठळक अंथरायचं होतं. डिसेंबरातली सकाळ होती. बेंगळुरूच्या गारठ्यात बिनसाखरने अंगाभोवती अक्कांनी दिलेली पिवळीधमक सोलापुरी चादर गुंडाळली होती. "हीच घ्या," अण्णा म्हणाले. "आकाशातूनही दिसेल." अक्कांनी चादरीची नीट घडी घालून पिशवीत दिली. शेवटची कॉफी दोघांनी अगदी सावकाश प्यायली. जाताना बिनसाखरने माझ्या झाकणावर बोटाने टकटक केलं. मी ते अजून विसरलेलो नाही.

त्यानंतरचा रविवार. अण्णांची मुलगी केतकी मारतहळ्ळीहून आली होती. ती तिथल्या एका कंपनीत काम करते. आकाशातून काढलेल्या चित्रांत नारळाची झाडं मोजायची, रोगट झाड कुठलं ते शोधायचं, असं काहीसं तिचं काम आहे. दुपारी ती मला धूत होती, तोच बेल वाजली. दारात साखरवाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस काठी विसरून रिक्षाने आला होता. ते टेबलाशी बसले. केतकीने मला टेबलावर ठेवलं, आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या अंगाला टेकवून उभा केला.

त्यामुळे मला चित्र दिसलं नाही, मित्रांनो. मला दिसले ते बघणाऱ्यांचे चेहरे. आवाज मात्र ऐकू आला. ढोलकं आणि गाणं, एखाद्या लग्नात वाजावं तसं. पुलावाल्यांनी स्वतःच आपल्या ड्रोनमधून काढलेलं ते चित्रण संगीत घालून साऱ्या जगाला पाठवलं होतं.

"ती माझी चादर आहे," अक्का म्हणाल्या.

मग गाणं थांबलं. अण्णांचा हात हवेतच राहिला होता. अक्कांनी पदर तोंडाशी नेला होता. कालपरवा ज्याच्या पेल्यात मी थेंब थेंब उतरलो होतो, तो माणूस आता या जगात नव्हता. त्याच्या बरोबरची माणसं नव्हती. सरकारने गोळी झाडली नव्हती, बंडखोरांनीही नाही. दोघांनीही शब्द पाळला होता. मला हे अजून समजत नाही. दोघांनी शब्द पाळूनही माणूस मरतो कसा?

"परत लाव," केतकी म्हणाली.

"नको गं," अक्का म्हणाल्या.

"आई, स्वल्प थांब. मला बघू दे." ती मोबाइलवर वाकली. तिचा चेहरा माझ्या इतक्या जवळ आला की तिचा श्वास माझ्या पितळेवर उमटला. "अप्पा, चादरीभोवती ती हिरवी चौकट दिसतेय ना? आणि कोपऱ्यातला तो नंबर?"

"दिसतेय," अण्णा म्हणाले.

"तो आमचा स्क्रीन आहे अप्पा. ते सॉफ्टवेअर आमचं आहे. आम्ही शेतीसाठी विकतो. ती चौकट मीच डिझाइन केलीय. शेतकऱ्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून हिरवा रंग ठेवला होता."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. शांततेची बोलणी याच टेबलावर झाली होती, आणि त्या माणसाला शोधून काढणारा डोळा याच घरातल्या मुलीने शेतासाठी घडवला होता. सांगा, मी कुठे बघू?

केतकीने हे सारं साखरवाल्यांना इंग्रजीत सांगितलं. तिने नाही सांगितलं तरी चाललं असतं. आमच्या मराठीतला एक शब्दही त्यांना समजला नव्हता. पण तिने सांगितलं, मान वर करून. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही. अक्कांना काही सुचेना, म्हणून त्यांनी कॉफी केली आणि हाताच्या सवयीने बाय-टू केली. दोन पेले टेबलावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्या दुसरा पेला उचलायला गेल्या, तर साखरवाल्यांनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे, अक्का," ते म्हणाले. मग अण्णांकडे वळले. "सर, पुलावाला बसला तर मी उठेन, असं मी म्हणालो होतो."

"तोही म्हणाला होता," अण्णा म्हणाले. "आणि मी दोघांचं ऐकलं. मला ते सोपं गेलं."

"त्याची मुलगी अजून नदीचंच पाणी पितेय."

"मग?"

"मग त्या पुलावाल्याला बोलवा. फार लांब जायला नको. पुलावरच्या सरदाराचा चुलतभाऊ इथेच शिकतो. तुमच्याच शहरात."

मला पुन्हा धक्का बसला. ज्याला आम्ही समुद्रापलीकडे समजत होतो, तो इथल्याच एखाद्या कॉलेजात जात होता, इथल्याच बसने फिरत होता, आणि गांधी बाजारात डोसा खाताना कदाचित आमच्याच माणसांच्या शेजारी बसला होता. कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

केतकीने दुसऱ्या दिवशी कंपनीत सगळं सांगितलं. तिला उत्तर मिळालं, की विकलेल्या वस्तूचं पुढे कोण काय करतो हे आपल्या हातात नसतं. ती संध्याकाळी फोनवर आईला म्हणाली, "ते असं बोलले आई, जसं काही चाकू विकलाय भाजी चिरायला." तिने पुन्हा विचारलं आहे, या वेळी सगळ्यांसमोर. अजून विचारते आहे.

आणि मग तो आला. पुलावाला. मी राक्षसाची वाट बघत होतो. दारात विशीतला एक मुलगा उभा होता, पाठीला सॅक, बूट बाहेर काढावेत की नाही या विचारात. अण्णांनी त्याला साखरवाल्यांच्या समोर बसवलं, बिनसाखर बसायचा त्या खुर्चीवर नाही, तिच्या शेजारी. ती खुर्ची रिकामीच ठेवली.

"गाडीत कोण होतं, तुम्हाला माहीत होतं?" अण्णांनी विचारलं.

"आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "दोन्हीकडच्या बंदुका गप्प झाल्या आणि एक गाडी झेंडा लावून आमच्या रस्त्याने आली. माझ्या भावाला वाटलं, दोघं मिळून पूल घ्यायला आलेत."

हे खरं होतं का? मला माहीत नाही. अण्णांनाही नाही. खोटं असेल, तर ढोलकी वाजवून आनंद करणाऱ्यांशी बोलायचं तरी काय. आणि खरं असेल, तर आमच्या बाय-टूने तिसऱ्याला विचारलंच नव्हतं, त्याचं काय. साखरवाले मात्र उठले नाहीत. ते उठले नाहीत, हे मी माझ्या आयुष्यात बघितलेलं सगळ्यात अवघड काम आहे.

अक्कांनी कॉफी आणली. तीन पेले. डिकॉक्शन तिघांत पुरवायचं म्हणजे पातळ होणारच, पण अक्कांनी हिशेबाने ओतलं. मुलाने पेल्याला हात लावला नाही. तीच भीती. साखरवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं, हात पुढे केला, त्याचा पेला उचलून एक घोट घेतला आणि परत त्याच्यासमोर ठेवला. मग अक्का साखरेचा डबा घेऊन त्याच्याकडे वळल्या.

"नको," मुलगा म्हणाला. "मी बिनसाखर घेतो."

अक्कांच्या हातातला चमचा डब्यावर आपटला. अण्णांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मुलाला काही कळेना, तो एकेकाकडे बघत राहिला. आपण काही चुकीचं बोललो का, असं त्याने साखरवाल्यांना हळूच विचारलं. "नाही," साखरवाले म्हणाले. "पी."

पंप सुरू झाला का, असं तुम्ही विचाराल. नाही झाला. पुलावरचा सरदार तयार आहे, पण ते ड्रोन ज्याने दिले त्याला विचारावं लागेल, असं मुलाने कॉफी संपवल्यावर सांगितलं. म्हणजे चौथा कोणीतरी आहे. साखरवाल्यांनी डोळे मिटले. प्रेमाअक्का आत गेल्या आणि फळीवरून चौथा पेला काढून पुसू लागल्या.

मित्रांनो, मी दोघांपुरता घडवलेला फिल्टर आहे. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कधी भांडण मिटवायला बसलात, तर समोरच्या दोघांकडे बघून समाधान मानू नका. कोण आलेलं नाही ते आधी विचारा, मग तो तुम्हाला कितीही नावडता असो. आणि माझ्यासारखं जुनं भांडं पुरत नाही म्हणून टाकून देऊ नका. मला पुन्हा भरा, थोडं थांबा, आणि पुन्हा भरा.

आत्ताच अक्कांनी मला नळाखाली धरून धुतलं. इथे तोटी फिरवली की पाणी येतं, स्वच्छ, हवं तेवढं. त्या मुलीचा फोटो बिनसाखर टेबलावरच विसरून गेला होता. अक्कांनी तो माझ्यामागे भिंतीला टेकवून ठेवला आहे. माझ्या अंगावरून ओघळलेलं पाणी त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्या रोज मला आधी कोरडं पुसतात आणि मगच जागेवर ठेवतात.